वाचकांचे प्रश्न : ब्राह्मीने विस्मरण थांबते का?

प्रश्न : माझ्या सासूबाई 68 वर्षांच्या आहेत. गेल्या काही महिन्यांपासून त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात आणि गॅस बंद करायचाही विसरतात. त्यांना थायरॉइडची गोळी चालू आहे. शेजारच्या काकूंनी कुंडीतल्या ब्राह्मीची पाने रोज चावून खायला सांगितली आहेत. त्यांनी ती खावीत का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सर्वप्रथम त्यांना डॉक्टरांकडे न्या. थायरॉइडच्या गोळीची मात्रा कमी-जास्त होणे, बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता आणि नैराश्य या तिन्हींमुळे स्मरणशक्ती मंदावते, आणि तिन्हींवर उपचार आहेत. ब्राह्मीचा गुण येतो का हे पाहण्यात दोन-तीन महिने गेले, तर हा मोलाचा काळ हातचा जाईल.

आता कुंडीतल्या रोपाविषयी. पान गोलसर, देठाशी खाच असलेले आणि कडेने दातेरी असेल, तर ती मंडूकपर्णी होय. आपल्याकडे पुष्कळदा हीच ब्राह्मी म्हणून विकली जाते. चरकसंहितेतील मेध्य, म्हणजे बुद्धी-स्मृती वाढवणाऱ्या, रसायनांत तिचा स्वरस (ताजा रस) सांगितलेला आहे, हे खरे. परंतु स्मरणशक्तीवरील ज्या चाचण्यांचा दाखला सहसा दिला जातो, त्या लहान, जाड, रसाळ पानांच्या, कडू चवीच्या नीरब्राह्मीवर झालेल्या आहेत आणि त्यांचे निष्कर्ष मंडूकपर्णीला लावता येत नाहीत.

नीरब्राह्मीतील बाकोसाइड ही द्रव्ये प्राण्यांवरील प्रयोगांत मेंदूच्या पेशींचे रक्षण करताना आढळली, म्हणून ती मला आशादायक वाटते. ऑस्ट्रेलियात 40 ते 65 वयाच्या 76 जणांवर तीन महिने झालेल्या आणि 2002 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नव्याने शिकलेले विसरण्याचे प्रमाण घटले. मात्र हे लोक निरोगी होते आणि त्यांना ताजी पाने नव्हे, तर प्रमाणित अर्क दिला होता. अल्झायमर तिने टळतो किंवा थांबतो, असे सिद्ध झालेले नाही.

शिवाय उंदरांवरील एका प्रयोगात नीरब्राह्मीने थायरॉइडचे संप्रेरक वाढले होते, त्यामुळे सासूबाईंना ती डॉक्टरांना न विचारता मुळीच देऊ नये. काहींना तिने मळमळ आणि जुलाब होतात. ओढ्या-नाल्याकाठची तर तोडूच नका, कारण ही वनस्पती पाण्यातील शिसे आणि कॅडमियम शोषून घेते.

तपासणीला जाताना चालू असलेल्या सर्व गोळ्या, चूर्णे आणि काढे सोबत न्या, आणि विसरण्याचे प्रसंग तारखेसह लिहून ठेवा.