घरी सगळं येतं, मग पेपर कोरा का?

पहिल्या सत्राचे पेपर हातात पडले की ठाण्यात, नौपाड्यातल्या माझ्या खोलीत, जिथे मी मुलांच्या अभ्यासातल्या अडचणी बघते, तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येऊ लागतं. "मॅडम, घरी सगळं येतं हो. धडाधड सांगते. पेपरात काय होतं देव जाणे." आई घोडबंदर रोडच्या टॉवरमधली असो, कळव्याच्या चाळीतली असो की घणसोलीची, शब्द फारसे बदलत नाहीत. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: "गांभीर्यच नाही तिला." आणि मूल बाहेर गेल्यावर, हळू आवाजात तिसरं: "तिला काही प्रॉब्लेम तर नसेल ना?"

या तिसऱ्या वाक्यामागची भीती खरी असते. तिचं उत्तर नीट द्यायला हवं, म्हणून ओवीची गोष्ट सांगते. नाव बदललेलं आहे, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत, आणि अशाच दुसऱ्या एक-दोन घरांतलं थोडं तिच्यात मिसळलं आहे.

ओवी चौथीत, मराठी माध्यमात, राहायला ऐरोलीला. बाबांची महाप्याला शिफ्ट ड्युटी, आई घरून अकाउंट्सचं काम करते, घरात आजी. रोज संध्याकाळी सात ते नऊ आई तिला घेऊन बसते. "सण असो की पाहुणे असोत, आमचं बसणं चुकत नाही," त्या म्हणाल्या, आणि ते सांगताना त्या किती थकल्या आहेत हेही दिसत होतं. पहिल्या सत्राच्या परिसर अभ्यासाच्या पेपरात मुलीने निम्म्याहून जास्त जागा कोऱ्या सोडल्या होत्या. "आता पाचवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आलीय मॅडम. पूर्वीसारखं वर ढकलत नाहीत." खरं होतं त्यांचं. महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा परत आली आहे, आणि चौथीच्या पालकांच्या पोटात त्याचा गोळा उठलेला मी रोज बघते.

आधी शंका दूर करून घेतली. ओवीला अनोळखी उतारा मोठ्याने वाचायला दिला, थोडं श्रुतलेखन घेतलं, फळ्यावरचं उतरवून काढायला सांगितलं. वाचन छान, अक्षर गोल, जोडाक्षरं बरोबर. डोळे आणि कान शाळेच्या तपासणीत ठीक होते. मग मी पेपर मागितला. तो सही करून शाळेत परत द्यायचा होता, म्हणून आईने पिशवीत जपून आणला होता.

पेपर मी खिडकीपाशी तिरपा धरला. कोऱ्या जागा कोऱ्या नव्हत्या! पेन्सिलीचा दाब कागदावर उमटून राहिला होता. 'अफजलखानाची भेट कोठे झाली?' या प्रश्नाखाली 'प्रतापगडाच्या पायथ्याशी' असं लिहून खोडलं होतं, त्यावर 'पन्हाळा' लिहून तेही खोडलं होतं. 'पुरंदरच्या तहात महाराजांनी किती किल्ले दिले?' खाली 23 हा आकडा पुसट दिसत होता, तोही खोडलेला. मुलीला उत्तरं येत होती. तिने ती लिहिली होती आणि स्वतःच्या हाताने पुसली होती.

पालक पेपर बघतात तेव्हा मार्क बघतात. मी आधी मुलाचा हात कुठे थांबला आणि कुठे मागे फिरला ते बघते. एवढ्या वर्षांत या सवयीने मला कुठल्याही चाचणीच्या आकड्यांपेक्षा जास्त सांगितलंय.

पुढच्या वेळी मी म्हटलं, "घरी बसता तसंच इथे बसा. मी काही बोलणार नाही." आईने पुस्तक मांडीवर घेतलं, ओवी समोर.

"शिवरायांचा जन्म कुठे झाला?"

"शिवनेरी किल्ल्यावर."

"अफजलखानाची भेट?"

"पु..." आईचे ओठ किंचित आवळले. "पन्..." आई तशीच. "प्र..." आईच्या भुवया वर गेल्या. "प्रतापगड! प्रतापगडाच्या पायथ्याशी."

"शाब्बास." आई माझ्याकडे वळल्या. "बघितलंत? सगळं येतं."

त्यांनी तोंडातून एक अक्षर सांगितलं नव्हतं, हे शपथेवर खरं. ओवीने पुस्तकाकडे, माझ्याकडे, खिडकीकडे एकदाही बघितलं नव्हतं, हेही तितकंच खरं. मी आईची खुर्ची उचलून ओवीच्या पाठीमागे ठेवली आणि म्हटलं, "आता याच धड्यातले पुढचे प्रश्न विचारा." पहिल्याच प्रश्नाला ओवीने मान वळवून मागे बघितलं. दुसऱ्यालाही. तिसऱ्याला ती गप्प झाली आणि फ्रॉकच्या टोकाशी चाळा करू लागली.

"ओवी, आईकडे काय बघतेस गं?"

"आईचं तोंड बघितलं की कळतं ना, बरोबर चाललंय का ते."

"आणि पेपरात?"

"पेपरात कोणाचं तोंड बघू? बाई तर फिरत असतात." मग थोडं थांबून, "म्हणून मी खोडते."

"लिहिलेलं राहू दिलं तर?"

"चुकलं तर आई म्हणते, एवढं शिकवूनही चुकलीस. कोरं ठेवलं तर नुसतं म्हणते, लिहायला विसरलीस."

खोलीत कुणी काही बोललं नाही. आईने पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली. त्यांचे डोळे भरून आले होते. मी त्यांना पाणी दिलं, पण घाईने समजूत घातली नाही. त्या क्षणी त्यांना जे दिसत होतं ते त्यांनी पुरतं बघणं गरजेचं होतं.

नऊ वर्षांच्या मुलीने हिशेब मांडला होता, आणि तो चोख होता. चुकीच्या उत्तराला बोलणी जास्त, कोऱ्या जागेला कमी. मग खात्री नसेल तिथे खोडून टाकणंच परवडतं. आपण याला आळस म्हणतो, वेंधळेपणा म्हणतो. माझं ठाम मत आहे की मुलाचं कुठलंही वागणं त्याच्या जागेवर उभं राहून बघितलं की त्यात अर्थ सापडतो. तो सापडला की उपाय फार लांब नसतो.

इथे अर्थ असा होता. प्रतापगड ओवीच्या डोक्यात होता. आपलं उत्तर बरोबर आहे हे ठरवण्याचं काम मात्र तिच्याकडे कधी आलंच नव्हतं. ते आईच्या भुवयांकडे होतं. रोज दोन तास ज्याचा सराव चालला होता, त्यात आठवायचं मुलीने आणि खात्री द्यायची आईने, अशी वाटणी होती. परीक्षेच्या वर्गात तिचा अर्धाच भाग जातो. घरी येतं हे आईचं म्हणणं खोटं नव्हतं, पण ते दोघींना मिळून येत होतं.

रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की जेमतेम 37 वर्षं जगले, 1934 साली गेले, पण मुलांच्या शिकण्याबद्दल त्यांनी जे सांगितलं त्यावर माझं सगळं काम उभं आहे. मूल आज जे कुणाच्या तरी मदतीने करू शकतं, ते उद्या एकटं करू शकतं. आपल्याकडे या वाक्याचा पहिला भाग सगळ्यांना आवडतो. ट्यूशनवाले तर त्यावरच जगतात. दुसऱ्या भागासाठी मदत काढून घ्यावी लागते. 1976 मध्ये वुड, ब्रूनर आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी या मदतीला बांधकामाच्या परांचीची उपमा दिली. भिंत उभी राहते तशी परांची उतरवत न्यायची असते.

आईला हे पटायला वेळ लागला. "म्हणजे मी बसूच नको? अहो, मग ती पुस्तक उघडणारच नाही."

"बसा. पण मेथी निवडायला घ्या."

"मेथी?"

"नजर भाजीवर राहील. तुमचा चेहरा फार बोलका आहे."

त्या हसल्या. बऱ्याच भेटींनंतरचं ते पहिलं मोकळं हसू होतं.

आम्ही ठरवलेलं अगदी साधं होतं. धडा ओवीने स्वतः वाचायचा. मग पुस्तक बंद करून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं. खोडरबर कपाटात. चुकलं तर एक आडवी रेघ मारून पुढे जायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, पुस्तक उघडण्याआधी प्रत्येक उत्तरापुढे एक खूण करायची. पक्की खात्री असेल तर बरोबरची खूण, अंदाज असेल तर प्रश्नचिन्ह. मग पुस्तक उघडून तपासायचं, तेही तिनेच, वेगळ्या रंगाच्या पेनने. आईने कौतुक खुणेचं करायचं. प्रश्नचिन्ह टाकलेलं उत्तर चुकलं, तर ते शाब्बासकीचं काम, कारण आपल्याला काय येत नाही हे तिला स्वतःला कळलं. बरोबरची खूण केलेलं उत्तर चुकलं, तर तो धडा उद्या पुन्हा. रागावणं दोन्हीकडे नाही.

बंद पुस्तकाचा आग्रह ही माझी लहर नाही. 2006 साली रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी अमेरिकेत कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्याने चित्र उलटलं. आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात सुमारे 56 टक्के राहिलं होतं, वाचणाऱ्यांच्या 42 टक्के. मला त्याच अभ्यासातलं आणखी एक निरीक्षण मोलाचं वाटतं: पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांचा आपल्याला लक्षात राहील हा विश्वास मात्र जास्त होता. समोर पुस्तक असलं की येतंय असं वाटत राहतं. आई समोर असली की तसंच. ती मुलं मोठी होती, पण चौथीच्या मुलांबरोबर काम करताना मला हेच दिसत आलंय.

पहिले काही दिवस घरात गोंधळ झाला. ओवी दर ओळीला विचारायची, "आई, बरोबर?" आईने म्हणायचं होतं, "तुला काय वाटतं?" आई सांगत होत्या की सुरुवातीला ते वाक्य त्यांच्या तोंडून भांडल्यासारखंच यायचं. सोफ्यावरून आजी हळूच उत्तर पुरवायच्या, कारण नातीचं तोंड बारीक झालेलं त्यांना बघवत नव्हतं. मग आजींना वेगळं काम दिलं. लिहून, तपासून झाल्यावर ओवीने तो धडा आजीला गोष्टीसारखा सांगायचा आणि आजीने खऱ्याखुऱ्या शंका विचारायच्या. आग्र्याहून सुटका ऐकताना आजींनी विचारलं, "पेटाऱ्यात दम नाही का कोंडला?" पुस्तकात त्याचं उत्तर नाही. ओवीने विचार करून सांगितलं, "वेताचे असतील, भोकं असतात त्याला." हे मला आईने फोन करून कळवलं, इतकं त्यांना अप्रूप वाटलं होतं. मलाही वाटलं. उत्तर बरोबर की चूक हे बघायला त्या दिवशी मुलीने कुणाच्याही तोंडाकडे पाहिलं नव्हतं.

वर्गशिक्षिकांशीही मी आईच्या परवानगीने बोलले. त्यांनी लगेच ओळखलं. "प्रत्येक गणित घेऊन टेबलाशी येते. बाई, बरोबर आहे का?" भरलेल्या वर्गात बाई तरी काय करणार, हो किंवा नाही सांगून मोकळ्या होतात. मी सवलत मागितली नाही. एवढंच सुचवलं की तिने विचारलं तर "तू कसं तपासलंस?" असं विचारा, आणि तोंडी प्रश्नानंतर थोडं थांबा. शिक्षण संशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एकच सेकंद थांबत असल्याचं आढळलं. तीन सेकंद थांबलं की मुलांची उत्तरं लांबतात, आपणहून बोलणारी मुलं वाढतात. घरीही हे करून बघा. तीन सेकंद गप्प बसणं पालकांना किती जड जातं ते कळेल.

पुढच्या घटक चाचणीत ओवीचा पेपर पूर्ण भरलेला होता. काही उत्तरं चुकली होती. एका चुकलेल्या उत्तराच्या कडेला बारीकसं प्रश्नचिन्ह होतं, आणि ते बाईंनी तसंच राहू दिलं होतं. मार्क वाढले, पण पहिल्या पाचांत वगैरे नाही. आईने मला आधी मार्क सांगितलेच नाहीत. "मॅडम, घरी आल्या आल्या म्हणाली, दोन चुकलेत बहुतेक. आणि दोनच चुकले होते."

तुमच्या घरी हीच तक्रार असेल, तर एक संध्याकाळ मुलाच्या पाठीमागे बसून प्रश्न विचारा. उत्तरं तशीच आली, तर अडचण दुसरीकडे आहे: लिहिण्याचा वेग, वेळेचं भान, वर्गातली भीती. मान मागे वळली, तर कुठून सुरुवात करायची ते कळलं. पेपरावरचं खोडलेलं वाचा. "एवढं शिकवूनही" हे दोन शब्द घरातून काढून टाका.

आणि ती हळू आवाजातली भीती. वाचताना अक्षरं उलटसुलट होणं, वर्षभर तेच शब्द चुकत राहणं, तोंडी उत्कृष्ट पण चार ओळी लिहिताना रडकुंडीला येणं, असं सतत दिसत असेल तर वाट बघू नका, रीतसर तपासणी करून घ्या. विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सियासारखी वाचन-लेखनातली अडचण, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, नायर आणि केईएममध्ये तपासणी होते, आणि प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. जाताना वर्षभराच्या वह्या आणि पेपर बरोबर न्या, आणि त्या मुलाच्या हातच्या असू द्या, तुम्ही शेजारी बसून नीटनेटक्या करून घेतलेल्या नकोत.