सॅनमध्ये (सर्व्हर आणि स्टोरेज जोडणाऱ्या नेटवर्कमध्ये) ट्रॅफिक नेमकं कुठे अडतंय, हे कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीतल्या तुमच्या कारखान्यात रोज सकाळी डेटाबेस रखडतो, पण स्विचच्या ग्राफमध्ये एकही आयएसएल (दोन स्विच जोडणारी लिंक) ३० टक्क्यांवर जात नाही. मी लोट्याला याच कामात आहे. माझं ठाम मत सांगतो: किती डेटा गेला यापेक्षा किती वेळ थांबावं लागलं, ते मोजा.

सॅन ज्या फायबर चॅनलवर चालतं, त्यात समोरच्या पोर्टकडे बफर (फ्रेम ठेवायची जागा) मोकळा असल्याशिवाय फ्रेम, म्हणजे डेटाचा तुकडा, सुटतच नाही. एका मोकळ्या बफरमागे एक क्रेडिट, म्हणजे एक फ्रेम पाठवायची परवानगी. क्रेडिट संपली की पोर्ट नुसता उभा. कोकण रेल्वेच्या एकेरी मार्गावर मांडवी एक्स्प्रेस आरवलीला खोळंबते, तेव्हा दोष आरवलीचा नसतो, पुढून लाइन क्लिअर आलेलं नसतं. आणि तेवढा वेळ रूळ मोकळाच दिसतो. तुमचे ते ३० टक्के असेच आहेत.

ब्रोकेडचा स्विच असेल तर ‘पोर्टस्टॅट्सशो’ या कमांडमध्ये ‘टिम_टीएक्सक्रेड_झेड’ हा काउंटर बघा. त्याचा एक टिक म्हणजे २.५ मायक्रोसेकंद. सिस्कोच्या एमडीएस स्विचवर ‘टीएक्सवेट’, एकक तेच. आकडा वाढतच जातो, त्यामुळे एकदा बघून काही कळत नाही. दर ५ मिनिटांनी नोंद घेऊन फरक काढा. फरक ३ कोटी आला, तर त्या ३०० सेकंदांतले ७५ सेकंद पोर्ट पाठवायचं असूनही थांबून होता. हे फार झालं.

आता माग काढा. थांबणं आयएसएलवर दिसलं तर त्याच्या पलीकडच्या स्विचवर जा. तिथे ज्या सर्व्हरच्या पोर्टवर हाच आकडा चढतोय, तो मूळ दोषी. डेटाबेसचा सर्व्हर बहुतेक वेळा नुसता भरडला जात असतो. लोक त्याच्याच मागे लागतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दोषी सर्व्हरचं दुखणं काय? त्याचा पोर्ट पूर्ण भरून वाहत असेल, तर तो झेपेल त्याहून जास्त मागतोय. सर्व्हरमधलं ८ गिगाबिटचं जुनं कार्ड ३२ गिगाबिटच्या स्टोरेजकडून एकदम मोठमोठा डेटा वाचायला मागतं, तेव्हा हेच होतं. सकाळचीच वेळ आहे, तर रात्रीचा बॅकअप लांबतोय का तेही बघा. पोर्ट भरलेला नाही आणि तरी क्रेडिट परत येत नाहीत, तर सर्व्हरचा ताण, ड्रायव्हर, नाहीतर केबल.

केबलसाठी ‘पोर्टएररशो’मधला ‘सीआरसी जी_ईओएफ’ (बिघडलेल्या फ्रेमची मोजणी) हा रकाना बघा. तो ज्या पोर्टवर वाढतो, बिघाड त्याच लिंकवर असतो. नुसता सीआरसीचा आकडा मागून वाहत आलेलाही असू शकतो. आपल्याकडे पावसाळ्यात सर्व्हर रूमचा एसी बंद पडला की दमटपणा लगेच शिरतो, म्हणून केबल जिथे बसते ते एसएफपी मॉड्यूल बदलण्याआधी केबलच्या टोकाचा एलसी कनेक्टर क्लीनरने पुसा आणि ‘एसएफपीशो’मध्ये आरएक्स पॉवर (आत येणाऱ्या प्रकाशाची ताकद) सुधारते का बघा.

आयएसएल वाढवायला मात्र घाई करू नका. मंद सर्व्हर तसाच राहिला तर नव्या लिंकवरही तीच रांग लागेल. आधी त्याची क्यू डेप्थ (एकावेळी किती मागण्या पाठवायच्या ती मर्यादा) कमी करा, बॅकअपची वेळ हलवा, आणि नवीन कार्डासाठी पैसे मागायला जाताना ५-५ मिनिटांच्या त्या नोंदी सोबत न्या.