बारा वर्षं कपाटात ठेवलेली वाईन: जुनी म्हणजे चांगलीच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लग्नात भेट मिळालेली नाशिकची रेड वाईन १२ वर्षं पुण्याच्या घरी कपाटात पडून आहे. आता चार मित्र जमवून आणखी एक-दोन जुन्या बाटल्यांशी तिची तुलना करायची आहे. ती कशी करावी, आणि जुनी वाईन चांगलीच असते ना?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देते. तुमची बाटली बहुधा गेली. विषारी वगैरे होत नाही, पिऊन कोणी आजारी पडणार नाही. पण पुण्याचे बारा उन्हाळे तिने बंद कपाटात काढले आहेत. उघडा जरूर, फक्त तिच्या भरवशावर मित्रांना बोलावू नका.

आपल्याकडे 'मुरणं' हा फार नेमका शब्द आहे. लिंबाचं लोणचं मुरतं. कोशिंबीर मुरवायला ठेवली तर काय होईल ते सांगायला नको. जगातली बहुतेक वाईन ही कोशिंबीर असते. नाशिकची बरीचशीही दोन-चार वर्षांत पिण्यासाठीच केलेली असते, आणि त्यात कमीपणा काही नाही. मुरणाऱ्या वाईनमध्ये आंबटपणा आणि तुरटपणा दोन्ही भक्कम लागतात. तुरटपणा म्हणजे टॅनिन, जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढते तोच प्रकार. वर्षं जातात तसे टॅनिनचे कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि गाळ होऊन तळाशी बसतात. वाईन मऊ होते, लाल रंग विटकरीकडे झुकतो, ताज्या फळाचा वास मागे पडून सुकं अंजीर, तंबाखू, ओला पाचोळा, नव्या कोल्हापुरीचं कातडं असे वास वर येतात. हे सगळं सावकाश व्हावं लागतं. १२-१३ अंश, अंधार, बाटली आडवी. उष्णतेत तीच वाईन मुरत नाही, शिजते.

यावर माझा विश्वास कसा बसला ते सांगते. मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते. आम्ही सहा जण दोन-तीन महिन्यांतून एकदा काँट्री काढून जुन्या बाटल्या घेतो. फ्रान्सची नावाजलेली बोर्दो आमच्या काँट्रीत बसत नाही, म्हणून गेल्या हिवाळ्यात स्पेनच्या रिओहा भागातली वाईन घेतली. माझ्या मते तुलनेची सुरुवात करायला याहून सोयीची वाईन नाही, कारण तिथे 'ग्रान रेसेर्वा' लिहायचं तर उत्पादकाने ती किमान ५ वर्षं स्वतःकडे ठेवावीच लागते, त्यातली किमान २ ओकच्या लाकडी पिंपात. म्हणजे मुरवायचं अर्धं काम त्यानेच केलेलं असतं.

रिओहातल्या हारो गावातल्या एकाच जुन्या घराण्याची ग्रान रेसेर्वा, साल (म्हणजे द्राक्षं खुडली ते वर्ष) १९९४, २००१ आणि २००५. तिन्ही सालांना रिओहाच्या नियामक मंडळाने 'उत्कृष्ट' हा सर्वांत वरचा शेरा दिलेला आहे. त्यात २००५ च्या दोन बाटल्या होत्या. एक व्यापाऱ्याच्या थंड गोदामातून नुकतीच आणलेली. दुसरी आमच्यातल्या नागपूरकराची. त्याने ती नऊ वर्षं स्वयंपाकघरात, बॉयलरशेजारच्या कपाटात ठेवली होती. 'काही होत नाही गं, नागपूरच्या उन्हापुढे हे काय!' इति.

चारही बाटल्या गार्डियनच्या पानांत गुंडाळल्या (लोकसत्ता इथे कुठून आणणार?) आणि त्यांवर क्रमांक घातले. एकमेकांशी बोलण्याआधी प्रत्येकाने कागदावर लिहायचं, एवढाच नियम. हा नियम मोडू नका. मोठ्याने बोलणारा एक जण 'व्वा, चॉकलेट!' म्हणाला की पुढची दहा मिनिटं सगळ्यांना चॉकलेटच लागतं.

तीन नंबरला सहापैकी चौघांनी सर्वांत जुनी ठरवलं. मीही. रंग विटकरी, वास उकळलेल्या मनुकांचा, आणि घोट गिळल्यावर मागे काहीच नाही. मी आत्मविश्वासाने '१९९४' लिहून खाली रेघही ओढली. बाटलीवरचा कागद काढला तर ती नागपूरकराची २००५. खरी १९९४ दोन नंबरला होती, आणि तिच्यात अजून आंबट चेरीची धार होती. गोदामातली २००५ तर अजून जीभ ओढत होती, आणखी दहा वर्षं सहज थांबली असती. सगळ्यांची आवडती ठरली २००१. लेबलवर साल तेच, घराणं तेच, द्राक्षं तीच, आणि २००५ च्या दोन बाटल्यांत हा फरक.

म्हणून तुमच्या बैठकीत एका वेळी एकच गोष्ट बदला. एकाच उत्पादकाची वेगवेगळी सालं, नाहीतर एकाच सालातले वेगवेगळे उत्पादक. फ्रान्सची एक, इटलीची एक आणि नाशिकची एक अशी मिसळ केलीत तर मजा येईल, पण कळणार काही नाही. परदेशातून येणाऱ्या मित्राला सांगा. येताना दोन लिटरपर्यंत शुल्क नाही, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या होतात.

बाकी तयारी साधी. जुनी बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवा म्हणजे गाळ खाली बसेल. ओतताना मानेखाली टॉर्च धरा आणि गाळ दिसला की थांबा. जुनं बूच मळसूत्री ओपनरने तुटतं, दोन पात्यांचा ओपनर मिळाला तर उत्तम. प्रत्येकाला ५०-६० मिली पुरे. उरलेली तासाभराने पुन्हा चाखा, ग्लासात ती बदललेली असते. फार जुनी असेल तर आधीपासून उघडून ठेवू नका, तिचा वास अर्ध्या तासातही उडू शकतो. त्या संध्याकाळी उदबत्ती नको, अत्तर नको, आणि चिवडा-चकली शेवटी काढा. आधी साधा पाव आणि पाणी. थुंकायला एक पातेलं ठेवा. पहिल्या वेळी सगळे लाजतात.

ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर तो वयाचा गुण समजू नका. ते बुचातलं एक रसायन, ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल. वाईन बिघडवायला लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढंच पुरतं. आमची एक महागडी बाटली अशीच सिंकमध्ये गेली, आणि तिच्यासाठी काँट्री दिलेले आजही कुरकुरतात.

आणि तुमची लग्नातली बाटली? तीच वाईन अजून निघत असेल तर तिची यंदाची एक विकत आणा, दोन्ही कागदात गुंडाळा आणि शेजारी शेजारी ओता. गुंडाळायचं काम बायकोला द्या, तुम्ही बघू नका.

नागपूरकराच्या बाटल्या आता माझ्याकडे जिन्याखाली असतात. त्याच्या बॉयलरशेजारच्या कपाटात त्याने पापड ठेवलेत, आणि ते मात्र अगदी कुरकुरीत राहतात.