‘अंतःकरण राख’: राखणे, पाळणे आणि पाळत

विचारणा अशी आहे: बायबलातल्या नीतिसूत्रे 4:23 मधलं ‘आपल्या अंतःकरणाचे विशेष रक्षण कर’ याचा अर्थ तरुणांच्या सभांमध्ये ‘कुणात फार गुंतू नकोस, मन दुखावून घेऊ नकोस’ असा सांगतात. तो बरोबर आहे का? आणि ‘रक्षण कर’च्या जागी ‘राख’ म्हटलं तर चालेल का?

पहिल्याचं उत्तर ‘नाही’. लग्नाच्या वयाच्या मुलामुलींपुढे हे वचन इतक्या वेळा असं वापरलेलं ऐकलं आहे, की आता गप्प बसवत नाही. दोनच ओळी मागे जा. 4:21 मध्ये बाप मुलाला सांगतो की माझी वचनं अंतःकरणात सांभाळून ठेव. आत ठेवा ठेवला आहे, म्हणून दारावर राखण हवी. दुखापतीचा तिथे विषयच नाही. शलमोन राजाचंच पाहा. ज्याच्या नावावर ही सूत्रं आहेत, त्याचं मन कुणी दुखावलं नव्हतं. 1 राजे 11 म्हणतं की म्हातारपणी त्याच्या बायकांनी त्याचं अंतःकरण अन्य देवांकडे वळवलं आणि ते परमेश्वराशी ‘शालेम’ राहिलं नाही. शालेम म्हणजे इब्री (हिब्रू) भाषेत अखंड, पुरतं. ‘शालोम’, म्हणजे शांती, याच धातूतला. यरुशलेमेसमोरच्या डोंगरावर त्याने कमोश या परक्या देवासाठी उच्चस्थान, म्हणजे पूजेचं ठिकाण, बांधलं. राखण सुटलेलं अंतःकरण कसं असतं, ते इथे दिसतं.

आता शब्दांकडे. मूळ इब्री ओळ अशी: ‘मिक्कोल मिश्मार नेत्सोर लिब्बेखा’, म्हणजे सगळ्या राखणीपेक्षा जास्त आपलं अंतःकरण राख. यात राखणीचे दोन धातू शेजारी शेजारी आले आहेत. ‘मिश्मार’ आला ‘शामर’वरून, ‘नेत्सोर’ आला ‘नात्सर’वरून. नात्सर हा शेतकऱ्याचाही शब्द आहे. ईयोब 27:18 मध्ये राखणदाराची खोप येते, तो राखणदार ‘नोत्सेर’. नीतिसूत्रे 27:18 मध्ये अंजिराचं झाड जो ‘नात्सर’ करतो तो त्याचं फळ खातो. म्हणजे ही राखण कुलूप लावून बसण्याची नाही. पीक हाती यावं म्हणून डोळ्यात तेल घालून केलेली आहे.

आणि हेच दोन्ही धातू आज्ञा मानण्यालाही लागतात! स्तोत्र 119:34 मध्ये दोन्ही एका ओळीत आले आहेत: तुझं नियमशास्त्र मी नात्सर करीन, ते शामर करीन, ‘बेखोल लेव’, सगळ्या अंतःकरणाने. जे अंतःकरणाचं करायचं, तेच आज्ञेचं करायचं, आणि तेही सबंध अंतःकरणाने. (‘शामर’ आणि ‘शमा’, म्हणजे ऐकणे, हे एकाच धातूचे असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी शेवटचं अक्षर तपासावं. एकात रेश आहे, दुसऱ्यात आयिन.)

मला खरा आनंद होतो तो पुढे. इब्रीतली ही सांगड मराठीत आयती बसलेली आहे, आणि आपण तिच्याकडे पाहतच नाही. ‘पाल्’ म्हणजे रक्षण करणे. त्यावरून द्वारपाल, त्यावरून मेंढपाळ. ‘पाळत ठेवणे’ त्याच कुळातलं. आणि ‘आज्ञा पाळणे’ही! आज्ञापालन म्हणजे मान खाली घालून हुकूम उचलणं, असं समजून लोक या शब्दाला घाबरतात. शब्द सांगतो वेगळंच: आज्ञेवर पहारा द्या, ती हरवू देऊ नका, तिला जगवा. मंडळीच्या सेवकाला आपण ‘पाळक’ म्हणतो, तोही याच घरचा. योहान 14:15 मध्ये येशू शिष्यांना म्हणतो की माझ्यावर प्रीती असेल तर माझ्या आज्ञा पाळाल. तिथला ग्रीक शब्द ‘तेरेओ’. प्रेषितांची कृत्ये 16:23 मध्ये फिलिप्पै गावच्या तुरुंगाधिकाऱ्याला प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला यांना बंदोबस्तात ठेवायला सांगतात, तेव्हाही ‘तेरेओ’च. त्याच फिलिप्पैकरांना पौल पुढे पत्रात लिहितो (फिलिप्पै 4:7) की देवाची शांती तुमची अंतःकरणं राखील. तिथे तो ‘फ्रुरेओ’ हा लष्करी पहाऱ्याचा शब्द घेतो. ज्या गावात त्याच्यावर पहारा बसला, त्या गावाला तो हे लिहितो!

काही अभ्यासकांना ‘अंतःकरण’ हा शब्दच नको असतो. वेदान्तातला आहे, ‘हृदय’ लिहा, म्हणतात. मला हे साफ अमान्य आहे. वेदान्तात अंतःकरण म्हणजे मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार. इब्री ‘लेव’ विचार करतो, ठरवतो, समजतो, हट्ट धरतो. नुसता धडधडत नाही. 1 राजे 3:9 मध्ये शलमोन न्याय करण्यासाठी ‘लेव शोमेआ’, ऐकणारं अंतःकरण, मागतो. तिथे नुसतं ‘हृदय’ ठेवून पाहा, आजच्या कानाला भावनाच ऐकू येईल आणि निवाडा करणारी बुद्धी बाहेर राहील. आणि मग तरुणांच्या सभेतला तो चुकीचा अर्थ आपणच पेरलेला असेल. शब्द कुठून आला यापेक्षा तो काय पेलतो हे पाहायचं असतं. तसं न पाहता शब्द झाडून टाकणं ही भाषेची सेवा नव्हे.

राहिला ‘राख’. ‘राखणे’ हे ‘रक्ष्’चंच प्राकृतातून घरी आलेलं रूप, तेव्हा ‘अंतःकरण राख’ खुशाल म्हणा. मला तर ते ‘रक्षण कर’पेक्षा जास्त आवडतं, त्यात शेताची राखण ऐकू येते. पण ‘मन राख’ म्हणू नका. मराठीत मन राखायचं असतं ते दुसऱ्याचं: पाहुण्याचं, सासूबाईंचं, साहेबांचं. शलमोनाने बायकांचं मन राखलं, तेच त्याला भोवलं.