कमी खर्चात देखणी नाणी कशी जमवावीत आणि मोबाइलवर त्यांचे चांगले फोटो कसे काढावेत?

विदर्भातल्या खेड्यात राहून हा छंद सहज जोपासता येतो, कारण १९४३ ते १९४७ या काळातला भोकाचा पैसा, ॲल्युमिनियमचे षटकोनी तीन पैसे किंवा कमळाचे पिवळे वीस पैसे घरच्या जुन्या पेटीत, सोनाराकडे किंवा आठवडी बाजारात मोडीची भांडी घेणाऱ्याकडे मिळू शकतात. नाणे चिंचेने किंवा राखेने घासू नये. जुना रंग गेला की संग्राहकाच्या दृष्टीने त्याची किंमतही उतरते.

फोटोसाठी महागडा कॅमेरा लागत नाही. आपल्याकडचे ऊन फार प्रखर असल्याने सकाळी खिडकीशी पातळ पांढरे कापड लावावे, मोबाइल दोन डब्यांवर आडवा टेकवून टायमर लावावा, आणि मोबाइलची सावली पडू नये म्हणून तो थोडा उंच ठेवून झूम करावे. झिजलेल्या नाण्यावर प्रकाश अगदी तिरपा पाडला की पुसट अक्षरेही उठून दिसतात. चकचकीत चांदीच्या रुपयासाठी मात्र फोटोफ्रेमची साधी काच नाण्यावर ४५ अंशांत तिरकी धरावी, बाजूने टॉर्च मारावा आणि टॉर्चचा थेट उजेड नाण्यावर येऊ नये म्हणून मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा उभा करावा. काचेवरून परावर्तित होऊन सरळ खाली येणारा प्रकाश नाण्याचा पृष्ठभाग एकसारखा उजळतो.

नांगरताना शेतात जुनी नाणी सापडली आणि त्यांचे मूल्य १० रुपयांहून अधिक असले, तर १८७८ च्या निखात निधी (म्हणजे जमिनीत पुरलेले धन) कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते, त्यामुळे ती परस्पर संग्रहात घेऊ नयेत.