फेडरल न्यायालयातील दिवाणी दावा : ज्युरीचा हक्क मुदतीत मागावा लागतो

प्रश्न : न्यू जर्सीत माझा मसाले दळण्याचा कारखाना आहे. पेनसिल्व्हेनियातील कंपनीने दिलेले यंत्र सदोष निघाल्याने मी नेवार्कच्या फेडरल न्यायालयात दीड लाख डॉलरची नुकसानभरपाई आणि करारानुसार दुरुस्तीचा आदेश मागितला आहे. कंपनीची लेखी कैफियत नऊ दिवसांपूर्वी मिळाली. दाव्यात ज्युरीचा उल्लेख राहून गेला. सोबतच्या छापील फॉर्मवर मात्र ज्युरीच्या चौकटीत खूण केली होती. तेवढे पुरेल का?

उत्तर : त्या खुणेवर कृपया विसंबू नका. अमेरिकी राज्यघटनेच्या सातव्या दुरुस्तीने १७९१ पासून वीस डॉलरहून अधिक रकमेच्या अशा दाव्यांत ज्युरीचा हक्क राखून ठेवला आहे. पण तो मागितल्यावाचून मिळत नाही. फेडरल दिवाणी नियम ३८ नुसार, वादाच्या मुद्द्यावरील शेवटचे कथन (दावा, कैफियत यांसारखे पक्षकाराचे लेखी म्हणणे) बजावल्यापासून १४ दिवसांत लेखी मागणी प्रतिपक्षावर बजावावी लागते आणि न्यायालयात दाखल करावी लागते. तसे न केल्यास हक्क सोडून दिला असे धरले जाते. कंपनीने प्रतिदावा केलेला नसेल, तर तिची कैफियत हेच शेवटचे कथन ठरते. बजावणीचा दिवस मोजत नाहीत आणि शेवटचा दिवस शनिवार, रविवार किंवा सुटीचा आला तर मुदत कामकाजाच्या पुढील दिवसापर्यंत जाते. म्हणजे आपल्या हाती पाच दिवस आहेत. वकिलांना आजच फोन करा. मुदत टळल्यावरही नियम ३९ खाली अर्ज करता येतो, पण मग सारे न्यायाधीशांच्या मर्जीवर राहते आणि निव्वळ विसर पडला हे कारण तिथे फार दुबळे ठरते.

नुकसानभरपाईचा मुद्दा ज्युरीपुढे जाईल, दुरुस्तीच्या आदेशाचा न्यायाधीशच ठरवतील. यंत्र मुळातच सदोष होते काय, हा प्रश्न दोन्हींत समान असल्याने सर्वोच्च न्यायालयाच्या १९५९ च्या बीकन थिएटर्स निकालाप्रमाणे त्यावर सामान्यतः आधी ज्युरीचाच कौल घ्यावा लागतो, आणि आपल्या दृष्टीने ही फार मोलाची गोष्ट आहे.

खरेदीच्या करारपत्राची मागची बाजूही नीट वाचा. पुरवठादार तिथे बारीक अक्षरांत ज्युरीचा हक्क सोडल्याचे कलम पुष्कळदा घालतात. तसे कलम आढळले तरी मागणी मुदतीतच दाखल करा. कंपनीने हरकत घेतल्यास आपण ती अट समजून आणि स्वेच्छेने मान्य केली होती का, हे न्यायालय तपासेल.