हेल्दी खाणं आणि आजार टाळणं यावरचे इंग्रजी शब्द कसे पाठ करू?

पाठ करूच नका भाऊ, घरातलं चिवड्याचं पाकीट उलटं करा. मागे न्यूट्रिशनचा चौकोन असतो, प्रोटीन, सॅच्युरेटेड फॅट, ॲडेड शुगर, सोडियम सगळं आकड्यांसकट. सोडियम म्हणजे मीठ नव्हे बरं का, मिठातला एक भाग, डब्ल्यूएचओ, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना, म्हणते दिवसाला 2 ग्रॅम सोडियमच्या आत राहा म्हणजे साधारण 5 ग्रॅम मीठ, जेमतेम एक छोटा चमचा. नागपूरला बर्डीवर तर्री (झणझणीत रस्सा) पोहा खाताना हे आठवतं मला, तर्री मात्र कमी होत नाही.

खरी गडबड आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. 'बाबांना शुगर आहे, बीपी आहे' हे इंग्रजीत नाही चालत, बीपी तर सगळ्यांनाच असतं! तिथे डायबिटीस आणि हाय ब्लड प्रेशर म्हणायचं. डाएट म्हणजे नुसतं उपाशी राहणं नाही, रोजचा आहार पण डाएटच.

आणि प्रिव्हेंट-क्युअर मिसळू नका, प्रिव्हेंट म्हणजे होऊच न देणं, क्युअर म्हणजे झालेलं बरं करणं. आपल्या संत्र्यातलं व्हिटॅमिन सी स्कर्व्हीसाठी, म्हणजे याच व्हिटॅमिनच्या कमतरतेने होणाऱ्या आजारासाठी, दोन्ही करतं, सर्दी मात्र क्युअर करत नाही, आजी काही म्हणो.